तिसऱ्या वळणावरचा झोक

करमणूक म्हणजे नेमकं काय, हे मला अजून कळलेलं नाही. आणि मी सांगते, कळलंय म्हणणाऱ्यांनाही कळलेलं नसतं. माणसं तासभर रांगेत उभी राहतात, कशासाठी? तर दोन मिनिटं गळा फाडून ओरडायला. वर जाताना रडतात, खाली आल्यावर हसतात, आणि परत जाऊन रांगेच्या शेवटी उभी राहतात. विचारलं तर म्हणतात मजा आली. मग रडत का होतात? म्हणे मजा आली म्हणून. आता घ्या!

हे मी ऐकीव सांगत नाहीये. आमच्या यांची बावीस वर्षं पार्कातल्या रोलर कोस्टरवर गेली. घरात आम्ही तिला नुसतं गाडी म्हणायचो. "गाडी कशी आहे आज?" असं मी विचारलं की शेजारणीला वाटायचं आमच्याकडे मोटार आहे, आणि मीही तिचा गैरसमज दूर करायच्या फंदात पडले नाही.

यांचं काम जगावेगळं होतं. पार्क साडेदहाला उघडायचं. त्याआधी आठ वाजता गाडीच्या सगळ्या बाकांवर वाळूची पोती बांधायची, आणि एका बाकावर पोत्याऐवजी हे. आज पुढचं बाक, उद्या मागचं, परवा मधलं. पोटात काही न घालता बसायचं आणि डोळे मिटायचे, हे यांचे स्वतःचे नियम. डोळे उघडे असले की माणूस बघत बसतो, गाडी काय सांगते ते त्याला ऐकू येत नाही, असं यांचं म्हणणं. फेरी संपली की फलाटावर इंजिनीअर उभा असायचा. यांनी "सोडा" म्हटलं की लोकांना आत सोडायचं, नाही म्हटलं तर नाही. यंत्रं होती, दिवे लागायचे, कागद निघायचे, सगळं होतं. पण जुन्या मालकांनीच रीत घालून दिली होती की शेवटचं मत माणसाचं. पार्कात यांना सगळे "पहिलं गिऱ्हाईक" म्हणायचे.

आता असा माणूस घरात असल्यावर लोकांना वाटणारच की याला करमणुकीतलं सगळं कळतं. जो येईल तो विचारायचा, अमुक सिनेमा बघावा का, नवीन पाळणा आलाय तो कसा आहे, भुताच्या घरात मुलांना न्यावं का. हे म्हणायचे, "बरं आहे." सिनेमा बरा, पाळणा बरा, भूतही बरं. त्या भुताच्या घरातलं भूत म्हणजे तिकीट खिडकीवरच्या बाईंचा दीर. त्याला जुना खोकला, त्यामुळे अंधारात तो कुठून येणार हे सगळ्यांना आधीच कळायचं. मी सरळ सांगायची, जाऊ नका, फुकट वेळ जाईल. पण माझं मत ऐकतं कोण?

मला मतं भरपूर आहेत. सिनेमाचा शेवट मी आधी विचारून घेते आणि वाईट असला तर मध्यंतरालाच घरी येते. डोळ्यांवर तो काळा चष्मा लावून बघायच्या सिनेमानं डोकं दुखतं, आणि समोरून आलेला दगड चुकवताना शेजारच्याच्या अंगावर पडायला होतं. पाण्याच्या घसरगुंडीवरून मोठी माणसं उतरताना बघवत नाहीत. मालिकेतल्या सासवा झोपतानाही दागिने काढत नाहीत, त्या झोपतात कशा? हे सगळं मी बोलून दाखवते. लेक म्हणते, आई, तू कुठल्याच पाळण्यात कधी बसली नाहीस, तुला बोलायचा काय अधिकार. खरंच बसले नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही. खालून बघूनच माझी पाचावर धारण बसायची.

आणि यांचं सगळं उलटं. भीतीच्या सिनेमात हे घोरायचे. पडद्यावर मोटारींचा पाठलाग चालू असला की हळूच म्हणायचे, एवढ्या वेगात ती त्या वळणावर उलटायलाच हवी होती. पण एका सिनेमात म्हातारा बाप लेकीला फोन लावतो आणि ती उचलत नाही, एवढंच होतं, तर हे हुंदके देऊन रडले. मी रुमाल देऊन थकले. ज्या माणसाला उलटं टांगून फिरवलं तरी चेहऱ्यावरची रेघ हलत नाही, तो फोन उचलला नाही म्हणून रडतो. या माणसाला कशानं काय होतं, याचा मला लग्नापासून आजतागायत पत्ता लागलेला नाही.

तर एके दिवशी हे दुपारीच घरी आले. म्हणाले, गाडी बंद ठेवलीय, तिसऱ्या वळणावर डावीकडे झोक जातो. मी म्हटलं, ती गाडी झोक जाण्यासाठीच तर बांधलीय. तर नेहमीसारखे हसले नाहीत. म्हणाले, तसा नाही, हा वेगळा आहे. इंजिनीअरनं चाकं उतरवली, खिळा न् खिळा तपासला, स्वतः बसून बघितलं. काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी झोक नव्हता, गाडी सुरू झाली. तिसऱ्या दिवशी परत झोक, परत गाडी बंद. बाहेर शाळेच्या सहलीची मुलं रडकुंडीला आलेली, त्यांचे मास्तर हातघाईवर आलेले. आणि हे ढिम्म. म्हणाले, मी सोडा म्हणणार नाही.

पुढच्या आठवड्यात तिसऱ्यांदा तेच झालं. तेव्हा नव्या मॅनेजरनं यांना खोलीत बोलावलं. बाहेरून मोठी तज्ज्ञ मंडळी बोलावली होती, त्यांनी गाडी निर्दोष असल्याचं लिहून दिलं होतं. मॅनेजर म्हणाला, काका, आता आणखी एकदा उगाच गाडी थांबली, तर ही माणूस बसवायची रीतच बंद करतो. मग तुम्हाला देण्यासारखं दुसरं काम माझ्याकडे नाही. घरी येऊन यांनी हे मला जेवताना सांगितलं, आमटीत मीठ कमी आहे म्हणावं तशा आवाजात.

माझं डोकंच चालेना. मी म्हटलं, अहो, एवढी शिकलेली माणसं सांगतात तर म्हणा ना सोडा. हे म्हणाले, "आणि एखादं पोर पडलं तर?" झोक खरा असेल तर यांनी गप्प बसणं पाप. खोटा असेल तर बावीस वर्षांची नोकरी एका हट्टापायी जाणार. रात्रंदिवस मला वाटायचं झोक खरा निघावा. मग वाटायचं, अगं, काय मागतेस, त्या गाडीत लोकांची लेकरं बसतात. स्वतःचीच लाज वाटायची.

त्या रविवारपासून यांना पाच दिवसांची सक्तीची सुट्टी दिली होती. घरात बसून छताकडे बघत होते, म्हणून मी रविवारीच दुपारच्या खेळाला सिनेमाला घेऊन गेले. साधा घरगुती सिनेमा, सगळा एका स्वयंपाकघरात घडणारा. ना मोटारी, ना मारामारी. शेवटही मी विचारून घेतला होता, चांगला होता. पडद्यावर दोन जावा भांडी घासता घासता भांडत होत्या, भांडण अगदी रंगात आलं होतं, आणि यांनी माझ्या खुर्चीचा हात घट्ट पकडला. म्हणाले, "तुझी खुर्ची हलली का गं?"

मी म्हटलं, गप्प बसा, मला ऐकू द्या. थोड्या वेळानं परत. खुर्ची डावीकडे झुकली म्हणे. मी वैतागून मागे वळून बघितलं, कुणी पाय तर मारत नाही ना. मागची रांग रिकामी होती. त्या जावांचं पुढं काय झालं ते मला आजही सांगता येणार नाही.

घरी येऊन मी मोरीत पाणी सोडलं, म्हणजे बाहेर आवाज जायला नको, आणि लेकीला फोन केला. ती लगेच म्हणाली, आई, हे कानाचं असतं, कानात तोल असतो माणसाचा, बाबांना दाखवून आण. एवढं सोपं असल्यासारखं! मी तिच्यावरच डाफरले. अगं, कोणत्या तोंडानं सांगू? या माणसाला जन्मात कुणी कशाबद्दल विचारलं तर बरं आहे यापलीकडे मत नव्हतं. एकच मत होतं जे मोजून, जिवावर उदार होऊन द्यायचे, आणि त्यावर फाटकं उघडायची. तेच चुकतंय म्हणून मी सांगू? आणि मला तरी खात्री कुठं होती? खुर्चीही हलली असेल आणि गाडीलाही झोक जात असेल, दोन्ही खरं असू शकतं की. मी मूग गिळून गप्प राहिले. चार दिवस गप्प राहणं म्हणजे माझ्यासाठी काय असेल, ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

पाचव्या दिवशी, सुट्टी संपल्यावर, सकाळी हे कपडे करून उभे राहिले आणि म्हणाले, "आज तू चल. माझ्याशेजारी बस."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, मी? वेड लागलंय का तुम्हाला? तर म्हणाले, इंजिनीअर कागदावर बघून बोलतो, तज्ज्ञ आपल्या पदवीकडे बघून बोलतात. तुला कशात खोट असली तर दिसल्याशिवाय राहत नाही, आणि दिसली की बोलल्याशिवाय राहत नाहीस. तू सांगशील ते मी मानेन. इंजिनीअरला विचारलंय, तो हो म्हणालाय.

तीस वर्षांत या माणसानं माझ्या मताला किंमत दिली ती अशी, आणि अशा ठिकाणी. रडू की हसू ते कळेना. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि चपला शोधायला लागले.

गाडीत आमच्या पुढंमागं वाळूची पोती बांधलेली. पोरगेला इंजिनीअर भला माणूस, त्यानं माझ्या अंगावरचा दांडा तीनदा ओढून बघितला आणि म्हणाला, काकू, घाबरू नका. मी म्हटलं, घाबरायचं की नाही ते माझं मी बघते. आणि गाडी निघाली. साखळीवरून कटकट करत वर चढली, तोवर मी शुद्धीवर होते. पुढचं विचारू नका. जीव मुठीत धरला होता असंही म्हणवत नाही, मुठीत यांचा हात होता. डोळे घट्ट मिटलेले. कुठलं पहिलं वळण, कुठलं दुसरं, मला ओ का ठो कळलं नाही. सगळंच डावीकडे जात होतं, सगळंच उजवीकडे जात होतं. मी ओरडले की नाही तेही आठवत नाही. इंजिनीअर नंतर म्हणाला ओरडलात.

मग सगळं शांत झालं. मी डोळे उघडले. फलाट होता, इंजिनीअर होता, माझी एक चप्पल पायात होती आणि एक नव्हती. दांडा वर गेला. मला आधी भीती वाटली ती हीच, की आता हे विचारणार आणि मला काहीच सांगता येणार नाही. खोटं बोलायचं तरी कुठल्या बाजूनं बोलायचं, तेही ठरलं नव्हतं.

मी यांच्याकडे बघितलं. डोळे अजून मिटलेले होते. दोन्ही हातांनी पुढची कड धरली होती, बोटं पांढरी पडलेली. अंग उजवीकडे रेटून बसले होते, डावीकडे पडू नये म्हणून बसतात तसे.

मी म्हटलं, "अहो, मला काही कळलं नाही हो. मला सगळंच सारखं वाटलं."

हे म्हणाले, "घाई नको करू. गाडी थांबू दे, मग नीट आठवून सांग."

इंजिनीअरनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. तो बिचारा काहीतरी बोलणार होता, मी मानेनंच नको म्हटलं. हे कुणी सांगायचं असलं तर मीच सांगायचं होतं. आणि मला, जिचं तोंड जन्मात कधी बंद झालं नाही, तिला चार शब्द जुळवता येईनात.

मी यांच्या हातावर हात ठेवला. "अहो, गाडी कधीच थांबलीय."

यांनी डोळे उघडले. फलाटाकडे बघितलं, मग खाली रुळाकडे, मग कितीतरी वेळ समोरच्या पोत्याकडे. मला वाटलं रडतील. मला वाटलं चिडतील, म्हणतील तुला काय कळतं. मी दोन्हीची तयारी ठेवली होती. पण यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, नुसता घाम आला होता.

मग इंजिनीअरला म्हणाले, "सोडा लोकांना. गाडीत काही खोट नाही." आणि त्याच्याकडे एक हात पुढे करत म्हणाले, "मला तेवढं धरून उतरवा."

इंजिनीअरनं एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूनं मी. माझेच पाय असे लटपटत होते की कोण कुणाला उतरवतंय, ते मला शेवटच्या पायरीपर्यंत कळलं नाही.