पापड वाजला तर पॉलिश

राजापेठेतल्या एका वाद्यवाल्याकडे मी आमच्या भजनमंडळाची पेटी पॉलिशला टाकली होती. पावसाळ्यात हवेतल्या ओलीनं लाखेचं पॉलिश पांढरं पडतं. म्हणून हा माणूस भाजलेला पापड रात्रभर खिडकीत ठेवायचा आणि सकाळी कानाशी धरून मोडायचा. पापड वाजला तरच पॉलिशला हात. तो रोज मऊ निघायचा आणि मी रोज चरफडत परतायचो.

एका सकाळी, बाहेर झड लागलेली असतानाच, पापड कडकन वाजला. त्यानं माझ्यादेखत पेटीला पहिला हात दिला. संध्याकाळी गेलो, तर झाकणावर धुकं धरल्यासारखा पांढरा थर, आणि तो खाली मान घालून सगळं घासून काढत होता.

"हे काय झालं?" मी ओरडलोच.

"तुमच्या भाभीनं सकाळी ताजा भाजून ठेवला होता. आता सांगितलं तिनं. मी रिकामा बसून राहतो, ते तिले पाहवत नाई."

"अहो, पण बाहेर झड लागली होती. दिसत नव्हती तुम्हाला?"

त्याचा घासणारा हात थांबला.

"दिसत होती ना भाऊ. पण पापड वाजला, तं मले लय बरं वाटलं."