जुडी दोघींना चावली होती

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं. ते गेले. माझ्या भावाला अर्धंच ठाऊक होतं, तोही गेला. आता तुम्हाला सांगायला बसले आहे. कुठून सुरू करू? कुत्रीपासून करते. तिच्याबद्दल बोलणं मला अजून त्यातल्या त्यात सोपं जातं.

वलगावजवळ आमचा मळा होता. वांगी, मेथी, पेरू, थोडी शेवंती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं आणि अमरावतीच्या कॅम्पात गोऱ्या साहेबांचे बंगले. त्यातल्या एका बंगल्यावर माझे यजमान भाजी-फुलं पोचवायचे. साहेबाची नोकरी संपली, तो विलायतेला निघाला, तेव्हा मडमेने आपली कुत्री ह्यांच्या हवाली केली. फॉक्स टेरियर जातीची. पांढरी, एक कान तपकिरी, शेपटी आखूड कापलेली. नाव ज्युडी. आमच्या घरात दिवसभर मेथीच्या जुड्या बांधल्या जायच्या — ती आली आणि जुडीच झाली.

"हे कुत्रं व्हय का सशाचं पोट्टं?" सासूबाई म्हणाल्या. "इले पाहून चोर हासन."

बंगल्यावरच्या खानसाम्याने ह्यांना सगळं समजावलं होतं, ते ह्यांनी मला सांगितलं. विलायतेत म्हणे घोड्यांवर बसून कोल्ह्यामागे धावतात. कोल्हा बिळात शिरला की मोठी कुत्री बाहेरच भुंकत उभी राहतात. मग ही जात खाली सोडायची. घोड्यावरच्या थैलीत बसवून आणायची आणि बिळाच्या तोंडाशी सोडायची. म्हणून अंगाने लहान, छाती अरुंद — आणि जीव असा की अंधाऱ्या बिळात एकटीने शिरेल, पण मागे सरणार नाही. तिला रिकामी ठेवू नका, रिकामी राहिली तर घर खणून काढेल. गूळ देऊ नका. कान पुसत जा, गोचीड शोधत जा, पांढरी कातडी उन्हाने लवकर बिघडते.

हे सगळं मी केलं. मला तेव्हा मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि त्यावर घरात कुणी बोलत नव्हतं — ते न बोलणंच जास्त ऐकू यायचं. मी जुडीचे केस विंचरायची, कडुनिंबाच्या पाण्याने तिला धुवायची, बोटांच्या बेचक्यातली गोचीड काढून रॉकेलच्या वाटीत टाकायची. ती मान तिरकी करून माझ्याकडे बघत राहायची. तिने वांग्याचे वाफे उकरले, कोंबड्यांना पळवलं, पण कांद्याच्या खोलीतले उंदीर असे संपवले की सासूबाईसुद्धा तिला भाकरीचा तुकडा टाकू लागल्या.

चैत्रातली दुपार होती. मी विहिरीवर एकटीच. पेरूच्या बागेतून एक कोल्हा चालत आला. दिवसाढवळ्या, माणूस समोर असताना. तोंडातून लाळ, मागचे पाय फाकलेले. जुडीने एक क्षण थांबायला नको होतं का? पण ती जातच तशी. तिने सरळ जाऊन त्याला धरलं. त्याने तिच्या ओठात दात रुतवले. मी फावड्याने मारलं तेव्हा दोघं सुटले, आणि कोल्हा झोकांड्या खात नाल्याकडे गेला.

पिसाळलेला कोल्हा कसा असतो हे मळ्यातल्या कुठल्या बाईला कळत नाही? मला कळलं. तिथेच कळलं. मी तिचं तोंड धुतलं, हळद भरली आणि घरी सांगितलं — बाभळीचा काटा लागला. खरं सांगितलं असतं तर दिरांनी तिला त्याच दिवशी काठीने संपवली असती. ते योग्यच झालं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. हा नाही. थांबा.

काही आठवडे काही झालं नाही. मी रोज तिचे डोळे बघायची, आवाज ऐकायची, आणि म्हणायची, टळलं. मग एके दिवशी ती खाटेखाली जाऊन बसली, बाहेर येईना. माझी धाकटी जाऊ गोदा — लग्न होऊन वर्ष झालेलं, दिवस गेलेले, हसरी पोरगी — तिने खाली वाकून भाकरी पुढे केली. जुडीने तिचं मनगट धरलं. रक्त आलं. गोदा घाबरली नाही. उलट हसली.

"माहीच चुकी हाये बाई," ती मला म्हणाली. "झोपली होती बिचारी, म्या उगंच छेडलं."

त्याच संध्याकाळी मी विंचरायला बसले, तर जुडी माझ्या दंडाला चावली.

दुसऱ्या दिवशी तिचा जबडा लोंबला. ती माती चावत होती. भुंकणं फाटल्यासारखं झालं होतं. मी तिला गोठ्यामागच्या खोपीत बांधली आणि सगळ्यांना सांगितलं, माजावर आली आहे, जवळ जाऊ नका. ती दोर तोडून गेली. घरच्यांना वाटलं, गावातल्या कुत्र्यांमागे गेली. मला ती नाल्यात पळसाखाली सापडली. मेलेली. मी तिला फावड्यावर उचलून तिथेच पुरली, वर दगड ठेवले. रडले. पण खरं सांगू? रडताना माझं लक्ष माझ्या दंडाकडे होतं.

माझं माहेर अकोल्याचं. आईला बरं नाही असा निरोप आलाय, असं सांगून मी निघाले. आई तर अंगणात पापड वाळत घालत होती. भावाला म्हटलं, रस्त्यावरचं कुत्रं चावलं. तो मला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे कुत्र्याच्या चावण्यावर पोटात सुया द्यायचे — रोज एक, जाड सुई, पोटाच्या कातडीत. डॉक्टर वयस्कर होते, चष्मा कपाळावर सरकवून बोलायचे.

"कुत्रं जिवंत आहे?"

"मेलं."

"आणखी कुणाला चावलं का ते?"

भाऊ शेजारी उभा होता. बाहेर व्हरांड्यात कुणाचं तरी लेकरू रडत होतं. मला गोदाचं मनगट दिसलं, अगदी डोळ्यांसमोर, रक्त पुसताना ती हसत होती ते.

"नाही," मी म्हटलं.

हा तो शब्द. हा माझा गुन्हा.

का म्हटलं? इतकी वर्षं मी स्वतःला विचारते आहे. "हो" म्हटलं असतं तर घरी निरोप गेला असता. मग कोल्ह्याचं निघालं असतं, काट्याचं खोटं निघालं असतं, माजाचं निघालं असतं. सासूबाई म्हणाल्या असत्या, वांझोटीने कुत्रीसाठी गर्भारशीण मारली. ही भीती होती. पण तेवढीच होती का? गोदाचं पोट पुढे येत होतं आणि माझं रिकामं होतं — ह्याचं काही त्या "नाही" मध्ये होतं का? "नव्हतं" असं मी म्हणू शकत नाही. शोधायला गेलं की मला अंधार दिसतो आणि मी परत फिरते.

मी सगळ्या सुया घेतल्या. माझ्या एकटीच्या.

परत आले तेव्हा गोदाची जखम भरली होती. अजूनही वेळ होता, बरं का. त्या दिवशी बोलले असते तरी चाललं असतं. बैलगाडी दारात होती, अमरावती जवळ होती. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "पाणी देऊ का व, गोदे?"

ती प्यायली. घटाघटा. आणि मी बघत राहिले.

मग तेच माझं जगणं झालं. पिसाळलेल्याला पाणी गिळवत नाही, हे कुणाला ठाऊक नाही? मी सकाळी तिला पाणी द्यायची, शेतातून आली की द्यायची, जेवताना तिच्या ताटाशी तांब्या ठेवायची आणि तिचा गळा हलतो का बघायची. तिला ठसका लागला तर मी हातातलं काम टाकून धावायची. पावसाळ्यात ती तापाने फणफणली, तेव्हा मी तिच्या उशाशी बसून राहिले आणि मनात एकच — आता, आता. वाऱ्याने दार वाजलं आणि ती दचकली, तर मी उठून पुन्हा तांब्या भरून आणला. दिवाळीच्या आधी तिला मुलगा झाला. त्याला दूध पाजायला बसली तेव्हा मला नवाच घोर लागला — लेकराला काही झालं तर? कुणीतरी सांगितलं की हे विष वर्षांनीसुद्धा चढतं. मग घोराला शेवटच राहिला नाही.

आणि गोदा काय करायची? आल्या-गेल्याला सांगायची, "आमची मोठी बाई मले सख्ख्या बहिणीवाणी जपते. पाणी पेल्याशिवाय बसू देत नाई." सासूबाई कौतुकाने माझ्याकडे बघायच्या. मी मान खाली घालायची, तर तेही त्यांना विनय वाटायचं.

गोदाला काही झालं नाही. कधीच नाही. जुडीचे दात नीट रुतले नसतील, विष रक्ताबरोबर वाहून गेलं असेल — कोण जाणे. तिला चार लेकरं झाली, पुढे मलाही एक मुलगी झाली, ती गोदाच्याच मांडीवर वाढली. पण ती वाचली त्यात माझं काय? मी तर तिला सोडूनच दिलं होतं. तिच्या वाचण्याने माझा तो शब्द पुसला जात नाही. मी पुष्कळ घासून बघितला आहे.

किती वेळा सांगायला गेले! एकदा संक्रांतीला दोघी तिळगूळ वळत होतो, एकदा तिच्या मुलाच्या लग्नात, मांडवामागे. दरवेळी ती आधी हसली, आणि त्या हसण्यापुढे मी दुसरंच काही बोलले.

गेल्या साली तिला दम्याने खाटेला धरलं. आमची घरं केव्हाच वेगळी झाली होती; दुपारी मी तिच्याकडे जाऊन बसायची. एका दुपारी सुना आत जेवायला बसल्या होत्या, आम्ही दोघीच होतो. माझ्याही नकळत मी तिचं मनगट हातात घेतलं आणि अंगठा त्या जुन्या वणावर ठेवला. पांढरी पडलेली, तांदळाएवढी खूण. तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं.

"बाई," ती म्हणाली, "तुमाले मले काई सांगाचं हाये का?"

तिला काही कळलं होतं का? की माझा चेहरा बघून सहज विचारलं? मला माहीत नाही. विचारलं तिने, एवढं खरं. दार तिने स्वतः उघडून दिलं होतं.

"नाई व," मी म्हटलं. "झोप तू."

तिने मान हलवली आणि डोळे मिटले. आत सुनांची भांडी वाजत होती. त्या हात धुऊन बाहेर आल्या, तेव्हा मी तिचं मनगट सोडलं आणि घरी आले. त्याच आठवड्यात ती गेली.