नगाऱ्याला वरचा बर्थ

गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर नगारा बसला होता आणि गिऱ्हाईक उभं होतं. पांढरकवड्यात हायवेला लागून माझी तिकिटांची एजन्सी आहे. ट्रकवाले, शिकायला जाणारी पोरं, हजला निघालेले बुजुर्ग, सगळ्यांची तिकिटं काढून झालीत. नगारा पहिल्यांदाच आला.

त्याला घेऊन आलेले नायकबाबा म्हणजे जवळच्या बंजारा तांड्याचे प्रमुख. तांड्याला दिल्लीत कार्यक्रमाचं बोलावणं होतं. बायका नाचणार, बाबा नगारा वाजवणार. नागपूरहून विमान. तिकिटं मीच काढलेली, स्वस्तातली, म्हणजे रद्द केली की हाती भोपळा. बाबांना विमानाची भारी हौस. रस्त्यात भेटले तरी खिडकीचीच जागा आहे ना, म्हणून विचारायचे.

आता लगेजचं कसं असतं, तिकिटासोबत ठरावीक किलो फुकट. वर गेलं की एक्सेस बॅगेज, किलोप्रमाणे पैसे. आकार मोठा असला तर त्याचे वेगळे. असलं सामान विमानाच्या पोटात जातं, त्याला होल्ड म्हणतात. मी नगारा मोजला, वजन केलं, अंदाजे रक्कम सांगितली. बाबांनी घासाघीस केली नाही.

"हे होल्ड येते कुठं?" त्यांनी विचारलं.

"सीटांच्या खाली."

"म्हंजे लोकायच्या पायाखाली?"

मी हो म्हणालो आणि आपलंच काम वाढवून घेतलं. या तांड्यात नगारा भुईवर टेकवत नाहीत, त्याच्यावरून कुणाचा पाय जाऊ देत नाहीत. म्हणून तर तो खुर्चीवर होता.

सोबत त्यांची सून सरिता होती, नाचाच्या ग्रुपची लीडर. तिचा चेहरा उतरला. आयोजक म्हणे रेकॉर्डिंग लावायला तयार होते. नगाऱ्याशिवाय नाचायचं तर शाळेतली कवायत काय वाईट, असं ती म्हणाली. बरोबरच होतं.

एक उपाय होता. वाद्यासाठी अख्खी सीट विकत घेता येते. पट्टा बांधायचा, माणसासारखं न्यायचं. एअरलाइनला फोन लावला. बराच वेळ पिपाणी ऐकवून झाल्यावर मॅडम आल्या, रुंदी विचारली.

"सीटमध्ये मावणार नाही, सर."

"मॅडम, जाडे पॅसेंजर मावतात की."

"ते आवळून बसतात, सर."

नगाऱ्याला काही आवळता येईना. मी फोन ठेवला. बाई नियमानं बोलली होती, त्याचाच जास्त राग आला.

बाबा म्हणाले, "भाई, मले रेल्वेचं तिकीट काढून द्या. वरचा बर्थ."

सरितानं मग मीही विमानात बसत नाही, असा हट्ट धरला. त्यांनी तिला गप्प केलं. "तू जाय. बाया तुह्या भरोशावर येऊन राह्यल्या."

मी समजावून पाहिलं. तिकिटाचे पैसे बुडतील, नगारा दुसऱ्या कुणासोबत रेल्वेनं पाठवा. ते म्हणाले, नगारा नायकाच्या हाती असतो. विषय संपला. मी तत्कालमध्ये बर्थ मिळवला. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

वरच्या बर्थवर नगारा गेला, पागोट्यानं दांडीला बांधलेला. बाबा दिल्लीपर्यंत खाली, लोकांच्या सीटच्या कडेला. लोकांनी आधी कुरकुर केली, मग सरकून घेतलं. येतानाही तोच प्रकार. कार्यक्रम मात्र झकास झाला. व्हिडिओ पाहिला मी, बायका जीव ओतून नाचल्यात.

तेव्हापासून कुणी वाद्य घेऊन आलं की वजनकाटा मी नंतर काढतो. हे कुठं ठेवलेलं चालत नाही, ते आधी विचारतो. एअरलाइनच्या नियमांत हा प्रश्न नाही.

परतल्यावर बाबा ऑफिसात आले. चहा झाला. सरिता बाहेर गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "भाई, विमानातून आपला तांडा दिसते का?"

"नाही बाबा. ते नागपूरहून सरळ वर उत्तरेला जातं. आपल्याकडं येतच नाही."

त्यांनी थोडा विचार केला.

"मंग काही हुकलं नाई," ते म्हणाले.