गळकी टाकी आणि आत्याबाईंच्या चपला

माझा नवरा भिक्षुकी करतो आणि मी शाळेत शिकवते. एरवी मी त्यांना ‘हे’ म्हणते. डोकं फिरलं की ‘नवरा’ म्हणते आणि अरेतुरेवर येते, तेही मनातल्या मनात. हे लिहिताना माझं डोकं फिरलेलंच आहे, त्यामुळे इथं तो शेवटपर्यंत नवराच राहील.

माणूस वाईट नाही. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढं त्याला जागा मिळेल असं वाटत नाही. आवाज खणखणीत, पाठांतर चोख, कुणाच्या घरी पूजेला उशिरा गेला असं कधी झालं नाही. पण त्याला तंबाखूची सवय होती. पूजेला बसायच्या आधी यजमानाच्या मागच्या अंगणात जाऊन खळखळून चूळ भरायची, आणि आरती संपते न संपते तोच पुन्हा डबी काढायची. मी भांडले, अबोला धरला, एकदा डबी नालीत फेकली. संध्याकाळी नवी डबी आली.

सासूबाई भांडल्या नाहीत. त्यांना मी आत्याबाई म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. त्या चारठाण्याच्या, बोलायला कमी आणि करायला पक्क्या. एके दिवशी त्यांनी देवापुढं दिवा लावला, पायातल्या चपला गल्ली झाडणाऱ्या बाईला देऊन टाकल्या आणि मला म्हणाल्या, “ह्याची तंबाखू सुटंपर्यंत मी पायात काही घालायची न्हाई. देवाला सांगितलंय.”

परभणीच्या उन्हाळ्यात अनवाणी चालणं काय असतं ते सांगून कळायचं नाही. दुपारी डांबर मऊ पडतं. आत्याबाई भाजीला निघायच्या त्या सावली धरून, एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडं, जणू नदीतले दगड शोधत चालल्यात. तळव्यांना भेगा पडल्या. मी त्यात मेण आणि तूप भरायची. माझा नवरा ते बघायचा, त्याचे डोळेही भरून यायचे, आणि भरल्या डोळ्यांनी तो बाहेर जाऊन तंबाखू मळायचा. असल्या रडण्याची मला तेव्हाही चीड यायची.

मग दिवाळीत धाकटे दीर परदेशातून आले आणि त्यांनी भावाला ते यंत्र दिलं. व्हेप म्हणतात त्याला. बोटाएवढी काळी नळी, वर काचेची टाकी, टाकीत आंब्याच्या वासाचा पिवळा रस, आणि वर त्या रसाच्या सहा महिने पुरतील एवढ्या बाटल्या. बटण दाबलं की रसाची वाफ होते, ती ओढायची.

“वहिनी, तिकडं सगळे हेच ओढायलेत,” दीर म्हणाले. “तंबाखू न्हाई, धूर न्हाई. दादाची सवय बघा कशी सुटते.”

“मग आपल्याकडं बंदी कशाला घातलीय त्यावर?”

“आपल्याकडं काय, कशावरबी बंदी घालतात.”

पाहुणा माणूस, मी चिवड्याची बशी पुढं केली. पण दर वर्षी शाळेत मुलांना तंबाखूमुक्तीची शपथ मीच देते, त्यामुळे वाचून मला एवढं माहीत होतं की तंबाखूत जे विष असतं तेच या रसात असतं, फक्त त्याला आंब्याचा वास मारलेला असतो.

डबी मात्र खरंच गेली. हे कबूल करायला हवं. नवऱ्यानं आईच्या पायावर डोकं ठेवून सांगितलं, “आई, तंबाखू सुटली.” आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली. त्याच दिवशी तो बाजारातून त्यांच्यासाठी चपला घेऊन आला, तपकिरी, मऊ तळव्याच्या. त्या घालून त्या गल्लीभर फिरून आल्या आणि दारोदार सांगून आल्या की लेकानं नवस फेडला. आणि हे नळकांडं काय आहे रे, असं त्यांनी विचारलं तेव्हा माझा नवरा म्हणाला, “घशाचं औषध हाय. मंत्र म्हणून म्हणून घसा बसायलाय.”

मी स्वयंपाकघरात होते. तिथून सगळं ऐकू आलं.

“त्यांना खरं सांगा,” मी त्याला एकटा गाठून म्हटलं.

“सांगतो ना. हे पण सुटलं की सांगतो. आत्ता सांगून तिला पुन्हा उन्हात चालवू का?”

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याचं चाललं होतं. पण त्याची मूठ गळकी होती. म्हणजे खरोखरच गळकी.

टाकीच्या बुडाशी रबराची एक बारीक कडी असते. आपल्या उन्हानं ती कडी सैल पडली, रस पातळ झाला आणि ती टाकी गळायला लागली. सदऱ्याचे खिसे चिकट. पोथीची पानं एकमेकांना चिकटलेली. पूजेला नेसायच्या रेशमी कदावर डाग, आणि तो कद मी पदरचे पैसे घालून घेतलेला. एकदा माझ्या पर्समध्ये ठेवायला दिलं, तर शाळेत माझ्या हजेरीपटाला आंब्याचा वास यायला लागला आणि शेजारच्या वर्गावरच्या बाई विचारतात, डब्यात काय आणलंय? एका यजमानानं तर विचारलं म्हणे, “गुरुजी, कोणतं अत्तर वापरता? लय छान वास यायलाय.” हे नवऱ्यानं मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

बंदीची वस्तू, त्यामुळे दुरुस्तीला कुठं नेणार? मग घरातच कारखाना सुरू झाला. आधी नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळली. मग समईसाठी केलेल्या फुलवाती टाकीभोवती दाबून बसवल्या. शेवटी पूजेतला लाल दोरा करकचून बांधला. सगळ्या गावाच्या मनगटाला दोरा बांधून त्यांचं रक्षण करणारा माणूस, गळक्या टाकीलाही दोराच बांधत बसला होता. दिरांना फोन केला तर ते म्हणाले, आडवं ठेवू नका, उभं ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर देवघरात पंचपात्रात तो काळा दांडा उभा!

“देवाच्या भांड्यात?”

“अगं, त्यात बरोबर उभं राहतंय ते.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते पंचपात्र मी चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, तरी त्याचा आंबा जाईना. आणि एक गोष्ट मी तेव्हा बघितली होती. फडताळात सांडलेल्या त्या गोड चिकट रसाला मुंग्या लागल्या नव्हत्या. आमच्या घरात साखरेचा कण पडला तर रांग लागते. मी नवऱ्याला ते फडताळ दाखवलं आणि म्हटलं, मुंगी ज्याला तोंड लावत नाही ते तुम्ही ओढायलात. तो म्हणाला, तू फार विचार करतेस.

एप्रिल लागला, सकाळची शाळा सुरू झाली. त्या दिवशी नवरा जवळच्या पिंगळी गावात वास्तुशांतीला गेला होता. कदाला खिसा नसतो. त्यामुळे पूजेला बसताना त्यानं ते यंत्र पूजेच्या पिशवीत टाकलं, आणि पूजा उरकल्यावर तसंच विसरला. यजमानानं प्रसादाच्या पेढ्यांचा पुडा दिला, तो त्याच पिशवीत गेला. पिशवी मोटारसायकलला लटकवली आणि भर उन्हात स्वारी घरी आली. पिशवी टेकवून तो आंघोळीला गेला.

आमच्या घरात एक रीत आहे. लेकानं पूजेहून आणलेला प्रसाद आत्याबाईच उघडतात, देवापुढं ठेवतात, आणि पहिला त्याच घेतात. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, प्रसाद खाली सांडायचा नसतो, आणि तोंडात घेतलेला प्रसाद थुंकायचा तर नसतोच नसतो. सांडलाच तर उचलून डोळ्याला लावायचा आणि खायचा. मलाही त्यांनीच हे शिकवलं.

मी शाळेतून आले तर त्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेल्या. कपाळावरून घामाच्या धारा, ओठ पांढरे, तोंडात लाळ मावत नव्हती. तरी मला बघून म्हणाल्या, “आंब्याचे पेढे आलेत बघ. जरासे तिखट लागायलेत. ओले झालेले मी संपवले, नासले असते. तुझ्यासाठी कोरडा ठेवलाय वाटीत.”

आंबा हा शब्द ऐकला आणि मी हातातली पर्स टाकून दिली. पुडा उचलला. खालची बाजू भिजून मऊ झालेली, आणि तोच वास, माझ्या पर्सला, पंचपात्राला, कदाला मारायचा तोच.

“आत्याबाई, तिखट लागलं तर थुंकायचं ना!”

“प्रसाद थुंकतात का?” त्या म्हणाल्या आणि भडभडून ओकल्या.

मी हाका मारल्या. नवरा ओलेत्यानं धावत आला. त्यानं आईकडं बघितलं, पुड्याकडं बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. मी रिक्षा आणायला पळाले. परत येऊन बघते तर पिशवीत ते यंत्र नव्हतं. आई ओकत होती आणि यानं अंगात सदरा चढवून आधी ते पुसून खिशात घातलं होतं. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, वयानं लहान. नाडी धरून त्यांनी विचारलं, “काय खाल्लंय यांनी?”

मी नवऱ्याकडं बघितलं. मनात म्हटलं, हे यानंच सांगायला हवं, याला सांगू दे.

“ऊन लागलं असंल,” तो म्हणाला. “सकाळपासून पोटात काही नव्हतं.”

“उन्हात गेल्या होत्या का?”

“गेल्या असतील.”

डॉक्टर बाई कागदावर उन्हाचं लिहायला लागल्या. खाटेवर आत्याबाईंचे हात थरथरत होते. छाती अशी उडत होती की पदर हलताना दिसत होता. याच आवाजात हा माणूस जगाच्या कल्याणाचे मंत्र म्हणतो, आणि आईच्या जिवासाठी त्याच्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता. बंदीच्या वस्तूची भीती, गावात नाव जाईल याची भीती, आईला कळेल याची भीती. ती समोर मरायला टेकली होती आणि याला तिच्यापासून लपवायचं पडलं होतं!

मी चारचौघांत नवऱ्याच्या अंगाला कधी हात लावलेला नाही. त्या दिवशी सगळ्यांसमोर त्याच्या खिशात हात घातला आणि ते यंत्र, लाल दोऱ्यासकट, डॉक्टर बाईंच्या टेबलावर आपटलं. “यातला रस पेढ्यावर सांडलाय. तो पोटात गेलाय.”

त्यांनी लिहिलेला कागद बाजूला सारला. मग धावपळ झाली. सलाईन लागलं, छातीला तारा लागल्या, नर्स येऊन जाऊन बघायला लागली. संध्याकाळपर्यंत थरथर थांबली. वेळेवर सांगितलंत हे बरं केलं, असं डॉक्टर बाई मला म्हणाल्या. ते यंत्र मी तिथंच सोडून दिलं.

आत्याबाईंचे डोळे मिटलेले होते, पण त्यांनी सगळं ऐकलं होतं. सलाईन संपत आलं तेव्हा त्यांनी लेकाला जवळ बोलावलं.

“घशाचं औषध म्हणला होतास.”

“आई, तंबाखू सोडली मी. देवाशपथ सोडली.”

“मग ह्यात काय असतंय?”

उत्तर माझ्या ओठावर होतं. मी ते गिळलं. हे एक वाक्य तरी त्यानं स्वतःच्या तोंडानं बोलावं म्हणून मी दात आवळून उभी राहिले. तो म्हणाला, “तेच.”

आत्याबाईंनी कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना घरी सोडलं. मी घरून त्यांच्या चपला आणल्या होत्या, त्या पायाशी ठेवल्या. त्यांनी अंगठ्यानं त्या बाजूला सारल्या.

“आत्याबाई, बाहेर डांबर पेटलंय. अंगात त्राण न्हाई तुमच्या.”

“सुटंपर्यंत म्हणून सांगितलंय मी देवाला. सुटलंच न्हाई तर घालू कशी? इतके दिवस खोट्या चपला घालून हिंडले की मी. म्हणून तर देवानं दाखवलं.”

देवानं दाखवलं! मला ओरडावंसं वाटलं. देवानं काही दाखवलं नाही, आत्याबाई, तुमच्या लेकानं दाखवलं. खोटं तो बोलला, टाकी त्याची गळली, विष तुमच्या पोटात गेलं, आणि आता नवस मोडल्याचं पापही तुमच्याच माथी? पण त्या इतक्या शांतपणे पदर खोचत होत्या की मी नुसता खांदा पुढं केला.

रिक्षा रस्त्याच्या पलीकडं कडुलिंबाखाली उभी होती. मधे सगळं ऊन. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्या पायरी उतरल्या आणि पहिलं पाऊल डांबरावर पडलं, तशी त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतली. भिंत नव्हती, सावली नव्हती, लवकर चालायला अंगात बळ नव्हतं.

मागून माझा नवरा पळत आला. “आई, घाल ना. आई, पाया पडतो, घाल.” रडत होता. दोन्ही हातांत त्यांच्या तपकिरी चपला धरल्या होत्या.

मी त्याच्या पायांकडं बघितलं. त्याच्या पायात त्याच्या चपला होत्या.