नोरीनची वळकटी

दुकानदार डेसला एकच कुतूहल होतं, ही नोरीन टॅपस्कॉट वळकटी, म्हणजे कॅनव्हासच्या खोळीत गादी घातलेलं गुंडाळायचं अंथरूण, निवडते तरी कशी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडभर गुरं हाकत नेणाऱ्यांच्या तळावर या बाईने चाळीस वर्षं स्वयंपाक केला आणि उघड्यावरच झोपली. सत्तरी उलटली तरी घरातल्या पलंगावर तिला झोप लागत नसे.

तिने कॅनव्हास हुंगला, शिवणी नखाने ओढून पाहिल्या आणि बूट काढून दुकानाच्या मधोमध वळकटीत शिरली. बूट तिने उशाशी, आत ओढून घेतले.

"इथे कुठला साप बुटात शिरतोय, नोरीनबाई?"

"त्याने तुला सांगून ठेवलंय का?"

हलकी वळकटी तिने नाकारली. खालचे खडे टोचतील म्हणाली. जाड गादीची पसंत पडली.

पण तळावरचा नेम असा की, ज्याची वळकटी त्यानेच गाडीवर टाकायची. नोरीनने ती गुंडाळून पट्टे आवळले. दोनदा उचलली, दोनदा गुडघ्यापर्यंत येऊन ती खाली गेली. डेस पुढे झाला, तशी तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो मागे सरला.

मग तिने पट्टे सोडले, आधी कॅनव्हास नेला, नंतर गादी, आणि गाडीच्या उघड्या हौद्यात अंथरूण घालून टाकलं.

"वर गेली खरी," डेस म्हणाला, "पण तळावर खाली कशी उतरवणार?"

"उतरवायची कशाला? मीच वर चढेन."