बाराव्या खेळीतला उंट

चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजमध्ये, मी आणि साताऱ्याचा एक इंजिनिअर एका खोलीत राहत होतो. बुद्धिबळात काळी मोहरी वाट्याला आली की तो फ्रेंच डिफेन्स हाच बचाव खेळायचा आणि त्याचा अभ्यास एका वहीत लिहून ठेवायचा. तो इरुंगाट्टुकोट्टैला कारखान्यात गेला असताना मी ती वही वाचली. एका पानावर लिहिले होते की बाराव्या खेळीला पांढऱ्याने उंटाचा बळी दिला, तर उत्तर सापडत नाही. पण हे सहसा कुणाला सुचणार नाही.

नुंगंबाक्कमच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत आमचीच गाठ पडली. त्याला पहिले आंतरराष्ट्रीय रेटिंग मिळायला बरोबरी पुरेशी होती. मला जिंकूनही काही मिळणार नव्हते. तरी बाराव्या खेळीला मी उंट दिला. तासाभराने त्याने डाव सोडला.

रीतीप्रमाणे आम्ही खेळ्या तपासायला डाव पुन्हा मांडला.

"पटावर सुचलं तुला हे?" त्याने विचारले.

"हो."

"लेका, आठ महिने डोकं फोडतोय मी यावर!" असे म्हणून त्याने शेजारच्या खेळाडूंना बोलावले आणि ती खेळी कौतुकाने दाखवली.

"घरून तयार करून आणली होती का?" त्यांच्यातल्या एकाने मला विचारले.

मी बोलण्याआधी तोच म्हणाला, "छे हो, हा कधी पुस्तकसुद्धा उघडत नाही."

मी होकारार्थी मान हलवली.