माझ्या अर्जातली माकडं

माकडांना परदेशी पाठवावं ही कल्पना मूळची माझ्या सासूबाईंची. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आमच्या गावातून घरटी एकेक माणूस आखातात जायला लागला होता. "माणसं जातात, तर ही मेली का नाही जात?" असं त्या फणसाखाली उभ्या राहून वर बघत विचारायच्या. वरून उत्तर म्हणून एखादा अर्धा खाल्लेला गरा पडायचा.

आमचं गाव रत्नागिरीहून पूर्णगडाकडे जाताना लागतं. हे मुंबईला नोकरीला, घरात सासूबाई आणि मी, आणि घरावर पंचवीसेक माकडं. माकडं पोफळीवर चढायची, शहाळी फोडायची आणि कंटाळा आला की कौलं. सासूबाई दिवसभर त्यांना दगड मारायच्या आणि दर शनिवारी मारुतीला तेल घालायच्या. यात काही विसंगती आहे असं मी एकदा सुचवून पाहिलं.

"देवळातला काय आपल्या कौलांवर नाचतो?" त्या म्हणाल्या. "तो एका जागी उभा राहतो हो. म्हणून तर तो देव."

शिमगा उलटल्यावर गावाची बैठक भरली. सावलीची जागा एकच, ती म्हणजे मारुतीचं देऊळ. विषय निघाल्यावर गुरवाने उठून गाभाऱ्याचा पडदा ओढून घेतला. देवाच्या भाऊबंदांची गोष्ट, त्याच्यासमोर नको.

बैठकीत मुंबईच्या औषधाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांनी सांगितलं की माकडांना प्रयोगशाळांत फार मागणी असते. लसी, औषधं, सगळं आधी माकडांवर. पूर्वी दिल्लीहून विमानं भरभरून माकडं परदेशी जायची. मग सरकारने ते बंद केलं, पण देशातल्या प्रयोगशाळांना लागतातच. एक ठेकेदार त्यांच्या माहितीतला होता. गावाने रीतसर अर्ज केला तर तो परवाना काढील आणि माणूस पाठवील.

अर्ज कोण लिहिणार? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते आणि प्राणिशास्त्राची पदवीधर होते, हे मी कुणाला विसरू देत नसे. अर्ज मी अशा झोकात लिहायला घेतला की नुसतं 'माकड' लिहायला मला कमीपणा वाटला. पुस्तकात प्रयोगाचं माकड म्हणजे ऱ्हीसस, एवढं पाठ होतं. मी ऱ्हीसस लिहिलं आणि पुढे त्याचं लॅटिन नावही. सरपंचांनी दोनदा वाचून घेतलं. "वजन आहे," ते म्हणाले.

महिन्याभराने माकडं धरणारा आला. उत्तर प्रदेशातला, पन्नाशीचा, काटकुळा माणूस. बरोबर दोन घडीचे पिंजरे आणि चण्यांचं पोतं. त्याला आमच्या बागेतला मांगर राहायला दिला. पहिला दिवस तो नुसता बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने चणे पसरले आणि पाठ फिरवून विडी ओढत बसला. चौथ्या दिवशी माकडं त्याच्या पायाशी चणे वेचत होती. आमच्या कितीतरी पिढ्यांनी दगड मारून जे साधलं नव्हतं, ते या माणसाने त्यांच्याकडे न बघून साधलं. सहाव्या दिवशी सकाळी त्याने चणे पिंजऱ्यांत टाकले आणि माकडं आत शिरल्यावर दोरी ओढली. एका पिंजऱ्यात सात, दुसऱ्यात सहा.

गाव बघायला लोटलं. पिंजऱ्यात एक मादी होती, तिच्या पोटाला पिल्लू चिकटलेलं. त्याने हात घालून ते पिल्लू वांगं खुडावं तसं सोडवलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं.

"अजून छोटं आहे," तो मला हिंदीत म्हणाला. "थोडी मोठी पोरं हवी असतात. परदेशवाल्यांनाही तशीच लागायची. म्हातारी कोणी घेत नाही."

संध्याकाळी मी त्याला चहा दिला आणि विचारलं, इतक्या लांब कशाला आलात, तुमच्या मुलखात माकडं नाहीत का?

तो हसला. "बहनजी, पहले सडक के हर पेड पर टोली होती थी." त्याचा बाप धरायचा, मग तो. टोळीतली पोरं उचलायची, म्हातारी सोडायची. पुढच्या वर्षी परत तिथेच. मग एक वर्ष असं आलं की म्हातारीही नव्हती. आता देवळाजवळ आणि रेल्वे स्टेशनवर तेवढी उरलीत, तिथे लोक धरू देत नाहीत. "पोलिओच्या औषधासाठी म्हणून न्यायचे," तो म्हणाला, "आणि म्हणे बॉम्बच्या प्रयोगाला लावायचे. म्हणून सरकार रागावलं. सरकार रागावलं तेव्हा आमच्याकडची झाडं रिकामीच झाली होती."

मला काहीतरी गंभीर बोलावंसं वाटलं. तेवढ्यात सासूबाई आतून ओरडल्या, "त्याला विचार, राहिलेली बारा कधी धरतो!"

दुसऱ्या दिवशी ठेकेदार जीप घेऊन आला. त्याच्या मागोमाग फॉरेस्टचा गार्ड सायकलवरून आला, परवाना बघायला. ठेकेदाराने पिंजऱ्यात डोकावलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे कोणी लिहिलं?" त्याने अर्ज फडकावून विचारलं. "ही ऱ्हीसस आहेत? शेपट्या बघा!"

मी बघितल्या. शेपट्या अंगापेक्षा लांब होत्या. डोक्यावरचे केस टोपी घातल्यासारखे. ऱ्हीससची शेपटी आखूड, आणि तो आमच्या कोकणात राहतच नाही. हे त्याच पुस्तकात पुढच्या पानावर होतं. वर्षभर मी रोज ही माकडं पाहत होते आणि एकदाही मी त्यांच्याकडे पुस्तकातल्या नजरेने पाहिलं नव्हतं.

परवाना माझ्याच अर्जावरून निघालेला, त्यात ऱ्हीसस. गार्ड सज्जन होता. तो म्हणाला, "मला काय माकडातलं कळत नाय. कुणी जाणत्यानं लिहून द्या की हीच ती, मी सोडतो."

ठेकेदार एकदम गोड झाला. "बाई सायन्सच्या आहेत. शाळेच्या कागदावर दोन ओळी. चालवून घेतील कुठेतरी."

"कुठे?" मी विचारलं.

"ते आपण विचारायचं नसतं."

सरपंच म्हणाले, बाई लिहा. हेडमास्तर म्हणाले, शिक्का मी देतो. सासूबाई म्हणाल्या, "अगो, कर सही. शेपट्या कोण मोजत बसलंय?"

मला त्या माकडांची दया आली म्हणून मी सही केली नाही, असं सांगायला मला फार आवडलं असतं. पिल्लू आईच्या पोटाशी होतं, आई माझ्याकडे बघत होती, सगळी तयारी होती. पण खरं कारण वेगळं. एकदा चुकीचं लिहून माझी शोभा झाली होती. तेच परत, शाळेच्या शिक्क्यासकट लिहायचं, आणि उद्या कुठल्यातरी प्रयोगशाळेत एखादा शहाणा माझं नाव वाचून हसणार, हे मला सोसणारं नव्हतं.

"ही ऱ्हीसस नाहीत," मी म्हटलं. "मी लिहून देणार नाही."

ठेकेदार शिव्या देत निघून गेला. गार्डने परवान्यावर काहीतरी खरडलं आणि पिंजरे उघडायला सांगितले. बारा माकडं गोळीसारखी सुटली. पिल्लाची आई मात्र आतच बसून उरलेले चणे खात राहिली. शेवटी सासूबाईंनीच झावळीने ढोसून तिला बाहेर काढलं. तेव्हा त्या पुटपुटल्या, "जा बाई, बाळंतीण तू," आणि मी ऐकलं का हे बघायला वळल्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्या उन्हाळ्यात गावात जे कौल फुटलं ते माझ्या नावावर फुटलं. "बाई, तुमच्या मंडळींनी आज आमचे आंबे पाडले," असं लोक शाळेत येऊन सांगत. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी दगड संपले म्हणून बोलल्या.

माकडं धरणारा मात्र मला धरून राहिला. निघताना एस.टी.च्या थांब्यावर त्याने खिशातून कागद काढला आणि म्हणाला, "बहनजी, तुमच्या या लांब शेपटीच्या माकडाचं बरोबर नाव लिहून द्या. पुढच्या वेळी घोटाळा नको."

मला कोण अभिमान वाटला! मी सुवाच्य अक्षरात इंग्रजी नाव लिहिलं, लॅटिन लिहिलं, आणि कुठे कुठे सापडतं तेही लिहिलं: पश्चिम किनारा, खाली दक्षिणेपर्यंत. त्याने कागद नीट घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला, नमस्कार केला आणि गाडीत चढला.

गाडी वळणाआड गेल्यावर मी कपाळावर हात मारून घेतला. त्याची झाडं कशी रिकामी झाली हे त्याने मला चहा पिता पिता सांगितलं होतं, आणि मी त्याला नवीन झाडांचा पत्ता लिहून दिला होता, बिनचूक.